पीटर सशाची आई : बिॲट्रिक्स पॉटर

निळे जाकीट घालून मॅकग्रेगरच्या मळ्यात चोरून शिरणारा पीटर ससा आपल्या घरांतल्या पुष्कळ मुलांना ठाऊक असतो. त्याला जन्म देणाऱ्या बाईंचे नावही पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर असते. पण याच बाई आयुष्याची अखेरची तीस वर्षे इंग्लंडातल्या एका डोंगराळ खेड्यात हीलिसबाई म्हणून नांदल्या आणि मेंढ्यांची पारख असणाऱ्या जाणत्या शेतकऱ्यांत गणल्या गेल्या, ही गोष्ट फारशी कुणाच्या कानांवर आलेली नसते. आपल्या भगिनींना लेखिकेइतक्याच या हीलिसबाईही आवडतील असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

बिॲट्रिक्सचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडन येथे झाला. आजोबांचा कापडावर छपाई करण्याचा मोठा कारखाना होता. आईचे माहेरही कापसाच्या व्यापारावरच श्रीमंत झालेले. वडील बॅरिस्टर खरे, पण पोटासाठी वकिली करण्याची त्यांना गरजच पडली नाही. अशा घरातल्या मुलीला शाळेत घालण्याची चाल नव्हती. घरी शिक्षिका येत. धाकटा भाऊ बर्ट्रम वगळता खेळायला कोणी नसे. मग भावंडांनी वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत ससे, उंदीर, बेडूक, सरडे, वटवाघळे असा गोतावळा जमवला. बिॲट्रिक्स तासन्‌तास त्यांची चित्रे काढी. एखादा प्राणी मेला तर दोघे तो उकळून त्याची हाडे मोकळी करीत आणि सांगाड्याचा अभ्यास करीत! पुढे तिच्या चित्रांतल्या सशाने कोट चढवला, तरी कोटाखालचे अंग खऱ्या सशाचेच राहिले, त्याचे मूळ या किळसवाण्या वाटणाऱ्या उद्योगात आहे.

पंधराव्या वर्षापासून तिशीपर्यंत तिने सांकेतिक लिपीत रोजनिशी लिहिली. ती लिपी तिच्या मृत्यूनंतर, १९५८ साली, लेस्ली लिंडर या गृहस्थांनी उलगडली. जिला आपले विचार स्वतःच्या घरातही कुलूपबंद ठेवावे लागत, ती मुलगी कशी वाढली असेल याची कल्पना यावरून येते.

पहिली कमाई १८९० सालची. पाळलेल्या सशावरून काढलेली चित्रे एका कंपनीने शुभेच्छापत्रांसाठी सहा पौंडांना घेतली. त्याच सुमारास त्यांना अळंब्यांचा नाद लागला. स्कॉटलंडातला चार्ल्स मॅकिंटॉश नावाचा एक पोस्टमन निसर्गाचा मोठा जाणकार होता. तो त्यांना नमुने पाठवी आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चित्रे काढीत. बीजाणू रुजतात कसे, यावर त्यांनी घरच्या घरी प्रयोग केले आणि निबंध लिहिला. १ एप्रिल १८९७ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे तो सादर झाला. पण बाई तिथे हजर नव्हत्या. त्या सभांना स्त्रियांना मज्जावच होता. क्यू उद्यानातले जॉर्ज मॅसी यांच्या हातून तो पाठवावा लागला. बाईंनी तो पुढे परत घेतला आणि आता तो निबंधही सापडत नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९९७ साली, सोसायटीने त्यांना मिळालेल्या वागणुकीबद्दल चूक कबूल केली. त्यांची अळंब्यांची चित्रे मात्र १९६७ साली एका शास्त्रीय पुस्तकात छापली गेली, इतकी ती बिनचूक होती.

विज्ञानाचे दार लागले. दुसरे दार उघडले ते एका आजारी मुलामुळे. बाईंच्या जुन्या शिक्षिका ॲनी मूर यांचा पाच वर्षांचा मुलगा नोएल अंथरुणाला खिळला होता. ४ सप्टेंबर १८९३ रोजी त्याला काय लिहावे ते सुचेना, म्हणून त्यांनी चार सशांची गोष्ट चित्रांसह लिहून धाडली. सात वर्षांनी ॲनीबाईंनीच सुचवले की, या पत्रांची पुस्तके करावीत. नोएलने पत्र जपून ठेवले होते. ते उसने आणून त्यांनी पुस्तक रचले. प्रकाशकांकडून नकार आले. पुस्तक लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढे आणि किमतीने स्वस्त हवे, हा बाईंचा आग्रह. अखेर डिसेंबर १९०१ मध्ये पदरचे पैसे घालून २५० प्रती छापल्या. त्या हातोहात गेल्या. मग फ्रेडरिक वॉर्न कंपनीने १९०२ साली रंगीत आवृत्ती काढली आणि पीटर ससा जगभर गेला. १९०३ साली बाईंनी स्वतः पीटरचा बाहुला शिवून त्याचा हक्क नोंदवून घेतला. हिशेबाला त्या पक्क्या होत्या!

वॉर्न कंपनीतल्या नॉर्मन वॉर्न यांच्याशी पुस्तकांच्या निमित्ताने पत्रव्यवहार वाढला. जुलै १९०५ मध्ये नॉर्मननी पत्रानेच मागणी घातली. बाई एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर. त्यांनी होकार दिला. आईवडिलांना हे स्थळ पसंत नव्हते. मुलगा व्यापारी घराण्यातला म्हणून! घरची सारी संपत्ती कापसाच्या धंद्यातून आलेली असताना हा सोवळेपणा कुठून आला, कोण जाणे. बाईंनी अंगठी काढली नाही. पण महिनाभरातच, २५ ऑगस्ट १९०५ रोजी, नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने गेले. ज्या नात्याची उघड वाच्यताच झालेली नाही, त्याचे दुःख तरी कुणापुढे करावे?

त्याच वर्षी त्यांनी आपल्या पैशांनी इंग्लंडच्या सरोवर प्रदेशात, निअर सॉरी गावी, हिल टॉप नावाचे लहानसे शेत घेतले. मात्र तिथे कायमचे राहणे शक्य नव्हते. आईवडील वृद्ध, मुलगी अविवाहित. तेव्हा तिने घरी हजर राहायचे हे ठरलेलेच. चार दिवस सवड काढून त्या शेतावर जात. त्या तुटपुंज्या दिवसांतच जेमायमा बदकिणीसारखी पुस्तके झाली. त्यांत हिल टॉपचे अंगण, फाटक, शेत सांभाळणाऱ्या कुटुंबाची मुलेसुद्धा दिसतात.

जमिनीचे व्यवहार पाहणारे हॉक्सहेडचे वकील विल्यम हीलिस यांच्याशी १५ ऑक्टोबर १९१३ रोजी त्यांचे लग्न झाले. घरून पुन्हा विरोध होताच. वय सत्तेचाळीस. संसार त्यांनी शेजारच्या कासल कॉटेजमध्ये थाटला आणि हिल टॉप स्वतःच्या कामासाठी तसेच राखले. आपले म्हणावे असे एक घर वेगळे ठेवण्याची ही युक्ती फार थोड्या बायकांना साधते.

यापुढे पुस्तके मागे पडत गेली. डोळेही अधू होत होते. १९२३ साली त्यांनी ट्राउटबेक पार्क हे मोठे मेंढ्यांचे शेत घेतले. तिथल्या कळपात रोग माजला होता. जाणता मेंढपाळ हाताशी धरून तो निस्तरला. हर्डविक ही त्या डोंगरांतली काटक, करड्या लोकरीची जात. कुंपण नसतानाही या मेंढ्या आपापली डोंगरबाजू सोडत नाहीत; आईच्या मागे फिरून कोकरू ती हद्द शिकते. म्हणून शेत विकले तरी कळप तिथेच राहिला पाहिजे. बाईंना हे मर्म कळले होते. लोकरीचे जाडेभरडे कपडे घालून त्या पावसाचिखलात हिंडत, प्रदर्शनांत बक्षिसे मिळवीत. गावासाठी परिचारिका ठेवण्याच्या कामात १९१९ पासून त्यांनी पुढाकार घेतला.

विकायला निघालेली शेते बंगलेवाल्यांच्या हाती जाऊ नयेत, म्हणून त्या एकेक विकत घेत गेल्या. १९३० साली मंक कोनिस्टन येथील सुमारे चार हजार एकर घेऊन त्यातला निम्मा भाग घेतल्या किमतीलाच नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिला, आणि त्याची देखरेखही काही वर्षे स्वतः केली. सशाच्या गोष्टींचा पैसा असा डोंगरांत गेला.

हर्डविक मेंढीपालकांच्या संघाने आगामी अध्यक्ष म्हणून त्यांची निवड केली. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पदावर बसण्यापूर्वीच २२ डिसेंबर १९४३ रोजी त्यांचा अंत झाला. चार हजारांहून अधिक एकर जमीन आणि चौदा-पंधरा शेते त्यांनी ट्रस्टला दिली. डोंगरावरच्या शेतांत कळप हर्डविकचेच ठेवावेत, अशी अट घातली. त्यांची रक्षा मेंढपाळ टॉम स्टोरी याने हिल टॉपच्या वरच्या अंगाला कुठेशी विखुरली. जागा कोणाला सांगायची नाही, असे बाईंनी त्याला बजावून ठेवले होते.