मिळालेली माणसं, मिळालेला धर्म

आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला पस्तिसावा, स्वधर्माचा. तो वाचला की मला थोरले माधवराव पेशवे आठवतात. दुसऱ्याने उभी केलेली टीम सांभाळायची वेळ आपल्यातल्या अनेकांवर येते. त्यांच्यावर अख्खं राज्य सांभाळायची आली.

१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. थोरले बंधू विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ तिथे पडले. जूनमध्ये वडील नानासाहेबही गेले. माधवराव १६ वर्षांचे. डोक्यावर कर्ज, कारभारी सगळे वयाने मोठे, आणि सख्खे काका रघुनाथराव यांना सत्ता स्वतःच्या हातात हवी होती.

१७६२ मध्ये काका निजामाची मदत घेऊन उलटले. घर फुटू नये म्हणून माधवराव स्वतःच त्यांच्या स्वाधीन झाले. पुढच्याच वर्षी, १० ऑगस्टला, राक्षसभुवनच्या लढाईत काका शत्रूच्या वेढ्यात सापडले, तेव्हा त्यांना सोडवायला धावले तेही माधवरावच! पण सबुरीलाही मर्यादा असते. १७६८ मध्ये धोडपला त्यांनी काकांचा पराभव केला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं.

मला सगळ्यात भिडते ती रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट. असं सांगतात, की माधवराव जपतपात फार वेळ घालवू लागले आणि कामं खोळंबली. तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जायची परवानगी मागितली. जपतपच करायचा तर गादी सोडून आपण दोघेही गंगाकाठी जाऊ; गादीवर बसायचं तर रयतेचं काम हीच पूजा, असं त्यांनी स्पष्ट सुनावलं. माधवरावांनी ते ऐकलं आणि लांबलचक अनुष्ठानं आवरती घेतली.

म्हणजे भक्ती सुटली का? मुळीच नाही. १८ नोव्हेंबर १७७२ ला, अवघ्या २७ व्या वर्षी, क्षयाने देह ठेवला तो थेऊरला, चिंतामणीच्या पायाशी.

मित्रांनो, नव्या टीममधल्या नाराज सीनियरशी बोलणं अवघड असतं. त्यापेक्षा पोथी उघडून बसणं सोपं वाटतं. पण ती माणसं आपण निवडलेली नसली, तरी देवाने आपल्याकडे सोपवलेली आहेत. आज पोथी मिटल्यावर त्या एका माणसाशी शांतपणे बोलूया. तेही आजच्या पाठातच धरावं.

श्रीकृष्णार्पणमस्तु.

शुक्रवार पेठ, सोलापूर