‘नाइस’वर उपाय सांगणारा डॉक्टर

डबा नाइस, ड्रेस नाइस, सबमिशन संपलं की ‘सो नाइस’! कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढूनही माझं इंग्रजी याच शब्दावर चालतं. दहावीत मिसने निबंधातला प्रत्येक ‘नाइस’ लाल शाईने गोल केला, तेव्हा मी लायब्ररीतून जाडजूड ‘थिसॉरस’ आणला. कव्हरवरचं नाव मी आपलं ‘रॉगेट’ वाचलं. खरा उच्चार ‘रोझे’!

पीटर मार्क रोझे यांचा जन्म 18 जानेवारी 1779चा, लंडनचा. चार वर्षांचे असतानाच वडील क्षयाने गेले. एकोणिसाव्या वर्षी एडिंबरोहून ते डॉक्टर झाले. (आपण त्या वयात एम-टूची केटी काढत असतो!) 1805मध्ये, मँचेस्टरला असताना, त्यांनी स्वतःपुरती एक शब्दांची वही केली. डिक्शनरीत शब्द माहीत असतो, अर्थ शोधायचा असतो. इथे उलटं. अर्थ मनात आहे, शब्द सापडत नाही. म्हणून त्यांनी शब्द अर्थाप्रमाणे लावले.

मित्रांनो, हे गृहस्थ अर्धे आपल्यातलेच बरं का! घात आणि मुळं काढता येतील अशी लॉग-लॉग स्लाइड रूल त्यांचीच. त्यामुळेच 1815मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

पण आयुष्य काही ‘नाइस’ नव्हतं. 1818मध्ये मामा सर सॅम्युएल रोमिली यांनी, मामी गेल्यावर चारच दिवसांत, आत्महत्या केली. भाचा डॉक्टर असून वाचवू शकला नाही. 1833मध्ये पत्नी मेरी कॅन्सरने गेली.

निवृत्तीनंतर त्यांनी ती जुनी वही पुन्हा काढली. 1852मध्ये पुस्तक आलं, तेव्हा वय 73! एक हजार गटांत शब्द लावलेले. 1869मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले. तोवर भर घालणं चालूच होतं.

मागच्या सेमला मैत्रिणीचे बाबा गेले. मी मोबाइलवर ‘सो सॅड’ टाइप केलं आणि थांबले. थिसॉरस उघडला. दुःखाला शब्दच शब्द, पण सगळे परक्याचे वाटले. मग रोझेंची पद्धत आठवली : आधी अर्थ, मग शब्द. मला नक्की काय म्हणायचंय? एवढंच, की मी आहे. मेसेज खोडला आणि रात्रीची एसटी पकडून तिच्या गावी गेले.

‘नाइस’ अजून सुटलेला नाही. पण आता तो तोंडात आला, की आधी स्वतःला विचारते, नक्की काय आवडलं?