प्रश्न टाळू न देणारे प्राध्यापक

महर्षी कर्व्यांचे चिरंजीव एवढीच ज्यांची ओळख पुष्कळांना पुरेशी वाटते, त्या रघुनाथ धोंडो कर्वे यांचे खरे कार्य वडिलांच्या कार्याहून अधिक एकाकी होते. विधवाविवाहाला विरोध झाला तरी त्याविषयी चारचौघांत बोलता येत असे. रघुनाथरावांनी निवडलेला विषय उच्चारणेच निषिद्ध होते.

१८८२ साली जन्मलेले रघुनाथराव पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. पुढे प्रचार की नोकरी, असा पेच विल्सन महाविद्यालयात उभा राहिला, तेव्हा १९२५ साली त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी या ओढगस्तीच्या संसारात त्यांना अखेरपर्यंत साथ दिली. संततिनियमनाचा पुरस्कर्ता स्वतः निपुत्रिक राहिला, यावर कुत्सित बोलणारे तेव्हाही थोडे नसावेत.

जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक निघाले. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे ते बदनाम झाले. परंतु त्याचे मर्म वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होते. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा गोष्टींविषयी विचारणारी ही माणसे वयाने मोठी असली, तरी त्यांचे प्रश्न बहुधा बालपणीच उगवलेले आणि तेव्हा घराने व शाळेने दडपलेले होते. कर्वे त्यांना पाप-पुण्याची भाषा न वापरता, शरीरशास्त्राच्या आधारे उत्तर देत.

हीच उत्तरे १९३४ साली अश्लील ठरवून खटला भरण्यात आला. पूर्वीच्या एका खटल्यात त्यांना दंड झालेलाच होता. या वेळी त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. दलितांच्या प्रश्नात आकंठ बुडालेल्या या बॅरिस्टराने असले बदनाम वकीलपत्र का घ्यावे, याचे उत्तर त्यांच्या युक्तिवादातच सापडते. मासिक लैंगिक प्रश्नांना वाहिलेले असेल, तर वाचक त्याविषयीच विचारणार आणि संपादकाने उत्तर देणे क्रमप्राप्तच. केवळ विषय लैंगिक म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, असे त्यांनी मांडले. समलिंगी आकर्षणाविषयी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. न्यायालयाला ते पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

दंड भरून कर्वे पुन्हा त्याच कामाला लागले, हे त्या खटल्याइतकेच महत्त्वाचे. मुलाला सत्य सांगितल्याने ते बिघडते, ही समजूत आजही वर्गावर्गांत ठाण मांडून आहे. वस्तुतः काही पुरुषांना पुरुष आणि काही स्त्रियांना स्त्रिया प्रिय वाटतात, एवढे सांगण्यासाठी सात-आठ वर्षांच्या मुलापुढे शरीरसंबंधांचा तपशील उघडावा लागत नाही. आई-वडिलांच्या प्रेमाविषयी सांगतानाही तो कोणी उघडत नाही. मौनाने आकर्षण बदलत नाही. ज्याला ते स्वतःत जाणवते, तो मुलगा मात्र वर्गातील चेष्टेलाच ज्ञान समजतो आणि आपण एकटेच असे आहोत, असे मानून वाढतो. 'समाजस्वास्थ्य'कडे येणारी पत्रे अशाच मुलांची, वीस वर्षांनी लिहिलेली पत्रे होती, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले आणि त्यानंतरच्या महिन्यात मासिकही थांबले. प्रौढांमधील संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा मानणारा दंडविधानाचा भाग सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तो २०१८ च्या सप्टेंबरात, त्या खटल्यानंतर ८४ वर्षांनी.