साने गुरुजी
पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. आईच्या संस्कारांतून त्यांच्या मनात ईश्वरभक्ती रुजली. अमळनेर येथील शिक्षकाची नोकरी सोडून ते १९३० मध्ये सत्याग्रहात उतरले. देव सर्वांचा आहे, म्हणून त्याच्या दारी कोणालाही मज्जाव असू नये, अशी त्यांची श्रद्धा होती. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर मात्र अस्पृश्य मानलेल्या भक्तांना बंद होते. गुरुजींनी गावोगावी फिरून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. अखेर १० मे रोजी मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. भक्ती आणि समता यांत गुरुजींनी कधी भेद मानला नाही. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.