कालुग्याचा बहिरा मास्तर

रॉकेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर श्रीहरिकोटा येतं, काउंटडाउन येतं, धुराचा लोट येतो. पण ज्याच्या नावाने रॉकेटचं समीकरण ओळखलं जातं त्या माणसाने आयुष्यात स्वतःचं एकही रॉकेट उडवलं नाही. तो खेड्यागावातला शाळामास्तर होता. त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. इंजिनिअरिंग सोडा, कोणत्याही कॉलेजात तो विद्यार्थी म्हणून कधी बसला नाही. त्याचं नाव कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की. नाव उच्चारताना जीभ अडखळते, पण दोन-तीनदा म्हटलं की जमतं.

बारावीत इरोडोव्हच्या पुस्तकाशी ज्यांची झटापट झाली आहे, त्यांना वस्तुमान कमी-कमी होत जाणाऱ्या रॉकेटची गणितं आठवत असतील. (आठवत नसतील तरी मोठ्याने बोलू नका, हे अंक स्टाफरूममध्येही वाचले जातात.) मी मात्र या माणसाकडे वळलो ते गणितामुळे नव्हे, त्याच्या कादंबरीमुळे. कादंबरीचं नाव 'पृथ्वीच्या बाहेर'. पुस्तक छापलं गेलं १९२० साली आणि गोष्ट घडते २०१७ साली! म्हणजे त्याने ज्याला दूरचं भविष्य मानलं ते आपल्या मागे पडलं आहे. असं लिहिणारा माणूस जगला तरी कसा, या कुतूहलापोटी मी शोधत गेलो. जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

त्याचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ चा, रशियातल्या रियाझान प्रांतातल्या इझेव्स्कोये गावचा. वडील जंगल खात्यात नोकरीला, घर मोठं, पैसा बेताचा. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला स्कार्लेट फीव्हर झाला आणि त्यात त्याचे कान गेले. तेरा वर्षांचा होईतो आईही गेली. वर्गात मास्तर काय बोलतात ते कळेना, मित्रांची चेष्टा कळेना. शाळा सुटली ती कायमची. उरली फक्त पुस्तकं.

सोळाव्या वर्षी, १८७३ मध्ये, वडिलांनी त्याला मॉस्कोला पाठवलं. तिथे ना अ‍ॅडमिशन, ना हॉस्टेल, ना मेस. रोज सकाळी चेर्त्कोव्ह ग्रंथालय गाठायचं आणि बंद होईपर्यंत वाचायचं, हाच त्याचा अभ्यासक्रम. बीजगणित, कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, यंत्रशास्त्र सगळं स्वतःच्या स्वतः. घरून महिन्याला दहा-पंधरा रुबल यायचे. त्यातले बहुतेक पुस्तकं, पारा आणि गंधकाम्ल यांवर खर्च व्हायचे, पोटाला काळा पाव. मेसच्या भाजीवरून रोज आंदोलन करणाऱ्या आम्हा मंडळींनी हे जरा लक्षात घ्यावं. त्या ग्रंथालयात निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचा एक विलक्षण विचारवंत काम करत होता. माणसाने एक दिवस इतर ग्रहांवर वस्ती करावी, असं त्याचं म्हणणं होतं. अवकाशाचं वेड या पोराच्या डोक्यात त्यानेच घातलं असं सांगितलं जातं, पण त्याचा प्रभाव नेमका किती यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्सिओल्कोव्स्कीच्या चरित्रात असे धुक्याचे पट्टे बरेच आहेत. त्याबद्दल पुढे बोलूच.

१८७६ ला तो घरी परतला, १८७९ ला शिक्षकाची परीक्षा बाहेरून दिली आणि १८८० पासून बोरोव्स्क या लहानशा गावात अंकगणित आणि भूमिती शिकवू लागला. त्याच वर्षी वार्वारा सोकोलोवाशी लग्न झालं. शाळा सुटली की घरी प्रयोग. वायूंचा गतिज सिद्धांत त्याने एकट्याने मांडला आणि पीटर्सबर्गच्या विद्वानांकडे पाठवला. उत्तर आलं की हे तर पंचवीस वर्षांपूर्वीच होऊन गेलंय! दुसरा कोणी असता तर वह्या गुंडाळून ठेवल्या असत्या. हा पुढच्या विषयाला लागला.

१८८७ मध्ये बोरोव्स्कच्या घराला आग लागली आणि त्यात त्याची हस्तलिखितं गेली. १८९२ ला बदली झाली कालुगा शहरात, आणि उरलेलं सारं आयुष्य तिथेच गेलं. तिथे १९०८ मध्ये ओका नदीचा पूर घरात शिरला, पुन्हा कागद भिजले. तरी काम चालूच. धातूचं फुगवता येणारं विमान, पंख असलेलं यान, असं एकेक. १८९७ मध्ये त्याने स्वतः वातबोगदा बांधला, म्हणजे आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये असतो तसा विंड टनेल. पुढे विज्ञान अकादमीने त्याच्या हवेच्या रोधावरच्या प्रयोगांसाठी ४७० रुबल दिले. ऐकू यावं म्हणून पत्र्याचे मोठमोठे कर्णे तो स्वतःच बनवायचा आणि कानाला लावून बसायचा.

आता त्याच्या सूत्राकडे येऊ. मागे वायू फेकला की रॉकेट पुढे जातं, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने कोणीही सांगेल. खरा प्रश्न असा की किती इंधन जाळलं तर किती वेग मिळेल? कारण इंधन जळतं तसं रॉकेट हलकं होतं, आणि हलकं होतं तसं त्याच धक्क्याने जास्त वेग घेतं. त्सिओल्कोव्स्कीने १८९७ मध्ये उत्तर काढलं: रॉकेटचा वेग म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग गुणिले सुरुवातीच्या आणि शेवटच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. एका ओळीचं सूत्र, पण त्यातला तो लॉग फार खट आहे. समजा वायूचा वेग सेकंदाला ३ किमी आहे आणि आपल्याला पृथ्वीभोवती फिरायला सेकंदाला ८ किमी हवेत. कॅल्क्युलेटर काढा. गुणोत्तर येतं साडेचौदाच्या आसपास. म्हणजे साडेचौदा टनांचं रॉकेट उडवायचं, त्यातलं वर पोचणार एक टन, बाकी सगळं इंधन. वेग दुप्पट करायचा ठरवलं तर गुणोत्तर दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो, दोनशेच्या वर जातं! हवेचा रोध आणि गुरुत्वाकर्षण अजून धरलंच नाही.

यातून दोनच वाटा निघतात आणि दोन्ही त्याने दाखवल्या. एक, वायूचा वेग वाढवा. त्यासाठी द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरा, असं त्याने १९०३ मध्येच लिहिलं. दुसरी, रिकाम्या टाक्या वाटेत टाकून द्या. हे टप्प्याटप्प्याच्या रॉकेटचं गणित त्याने १९२९ मध्ये 'रॉकेटची आगगाडी' म्हणून मांडलं. आपलं आजचं कुठलंही प्रक्षेपक यान घ्या, या दोन वाटांच्या बाहेर ते गेलेलं नाही.

१९०३ चा तो लेख छापला गेला आणि जवळजवळ कोणीच वाचला नाही. ज्या मासिकात तो आला त्याचा संपादक फिलिप्पोव्ह त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या प्रयोगशाळेत मेलेला सापडला, पोलिसांनी कागदपत्रं नेली, मासिक बंद पडलं. आदल्याच वर्षी त्सिओल्कोव्स्कीच्या इग्नाती या तरुण मुलाने मॉस्कोत आत्महत्या केली होती.

आता कादंबरी. १८९६ मध्ये ती सुरू केली, १९१८ मध्ये एका मासिकात तिचे भाग येऊ लागले. त्याच मासिकात याकोव्ह पेरेलमान काम करायचा. हो, तोच 'फिजिक्स फॉर एंटरटेनमेंट'वाला! १९२० मध्ये कालुग्यात पूर्ण पुस्तक निघालं. आणि गंमत म्हणजे गोष्ट सुरू होते आपल्या हिमालयात. तिथल्या एका एकाकी किल्ल्यात वेगवेगळ्या देशांतले काही शास्त्रज्ञ जग सोडून राहत असतात. नावं म्हणाल तर न्यूटन, लाप्लास, फ्रँकलिन अशी, आणि रशियन गड्याचं नाव साधंसुधं इव्हानोव्ह. युद्धं संपलेली, सगळ्या देशांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींची एक सभा पृथ्वीचा कारभार बघते. ही मंडळी रॉकेट बांधतात. उड्डाणाच्या दाबाने शरीर चिरडू नये म्हणून द्रवात बुडून राहतात, वर गेल्यावर तरंगतात, दोरी बांधून यानाबाहेर पडतात, आंघोळीसाठी फिरणारं पिंप वापरतात. मग काचेचं हरितगृह उभारतात. झाडं माणसाचा उच्छ्वास घेतात, माणसं झाडांचा ऑक्सिजन आणि फळं. शेवटी पृथ्वीवरची माणसं वर राहायला येऊ लागतात. वस्ती कुठे करायची, तर पृथ्वीच्या साडेपाच त्रिज्या उंचीवर, जिथे एक फेरा बरोबर एका दिवसात होतो. आपले इनसॅट आणि जीसॅट उपग्रह याच उंचीच्या आसपास आहेत.

कादंबरी म्हणून ती ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. पात्रं म्हणजे चालतीबोलती लेक्चरं, अटेंडन्स तेवढी घेत नाहीत. पण खऱ्या २०१७ शी ताळा करून पाहिला तर मजा येते. त्या वर्षी १५ फेब्रुवारीला इस्रोच्या एका पीएसएलव्हीने १०४ उपग्रह सोडले. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २००० सालापासून माणसं सलग राहत होती आणि २०१५ मध्ये त्यांनी तिथेच पिकवलेली लेट्यूसची पानं खाल्ली होती. तरंगणं, अवकाशपोशाख, दोरी, झाडं सगळं बरोबर. चुकली ती फक्त माणसं. वर राहणारे हजारो नव्हते, मोजून पाच-सहा होते. आणि खाली पृथ्वीवर युद्धं संपलेली नव्हती. यंत्राबद्दल तो बरोबर निघाला, समाजाबद्दल नाही.

आता ते धुकं. सोव्हिएत काळात त्सिओल्कोव्स्कीची एक ठरावीक गोष्ट सांगितली जायची: झारच्या राज्यात दुर्लक्षित, क्रांतीनंतर सन्मानित. यातलं निम्मं खरं आहे. १९२१ मध्ये त्याला आजन्म पेन्शन मिळालं, १९३२ मध्ये मोठं पदक मिळालं. १९ सप्टेंबर १९३५ ला तो वारला, त्याच्या आधी थोडे दिवस आपलं सारं काम पक्षाला आणि सोव्हिएत सत्तेला अर्पण करणारं पत्र त्याने स्टालिनला पाठवलं. पण ते ४७० रुबल झारच्याच अकादमीने दिले होते. आणि १९१९ मध्ये क्रांतीच्याच गुप्त पोलिसांनी त्याला पकडून मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात सुमारे दोन आठवडे ठेवलं होतं. हे पान सोव्हिएत चरित्रांतून गाळलेलं असायचं. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमाचा शिल्पकार कोरोल्योव्ह १९२९ मध्ये कालुग्याला जाऊन त्याला भेटला, ही गोष्टही पुष्कळ सांगितली गेली. इतिहासकारांना ती भेट शंकास्पद वाटते.

पहिला कोण, हाही वादच. १९२३ मध्ये जर्मन भाषेत ओबर्थचं रॉकेटवरचं पुस्तक आलं. तेव्हा त्सिओल्कोव्स्कीने घाईने १९०३ चा लेख पुन्हा छापला आणि पुढे ओबर्थने पत्र लिहून त्याचा मान मान्यही केला. अमेरिकेत गॉडर्ड स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता आणि १९२६ मध्ये त्याने द्रव इंधनाचं रॉकेट प्रत्यक्ष उडवलं. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी, १८१३ मध्ये, इंग्लंडमधल्या वूलिचच्या विल्यम मूरने रॉकेटच्या गतीवर गणिती ग्रंथ लिहिला होता. त्या वूलिचला रॉकेटचं वेड लागलं ते श्रीरंगपट्टणहून नेलेल्या टिपूच्या रॉकेटांमुळे. धागा फिरून असा आपल्या दारात येतो.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती लपवणं बरं नाही. माणूसजात परिपूर्ण व्हावी म्हणून सदोष माणसांची संतती वाढू नये, असंही त्याने आपल्या तत्त्वज्ञानात लिहिलं. ज्याला शाळेतून बहिरेपणाने बाहेर काढलं, त्याने हे लिहावं! त्या मापाने पाहिलं तर त्याचा स्वतःचाच नंबर पहिला लागला असता. आणि घरात? सात मुलांपैकी पाच त्याच्या हयातीत गेली. अख्खा संसार वार्वाराने ओढला. आकाशात वस्त्या वसवणाऱ्याच्या चरित्रात तिला मिळतात दोन-चार ओळी, आणि माझ्याही लेखात त्याहून जास्त मिळालेल्या नाहीत.

म्हणून मला वाटतं, अशा माणसाला देव करू नये आणि मोडीतही काढू नये. पुतळे सरकार उभारतं, तारखा चरित्रकार जुळवतात, कुठलं पान ठेवायचं ते कोणीतरी ठरवतं. सूत्राचं तसं नाही. ते तपासायला कालुग्याचं सर्टिफिकेट लागत नाही, झारचं नाही आणि स्टालिनचंही नाही. कागद घ्या, संवेगाचं समीकरण मांडा, एकदा इंटिग्रेट करा. तोच लॉग येतो. त्याच्या जन्मशताब्दीनंतर तीन आठवडे होत नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९५७ ला, स्पुटनिक वर गेला तो त्याच लॉगला धरून.

लायब्ररीत मागच्या रांगेत जुन्या सोव्हिएत पुस्तकांचं एक कपाट असतं, बहुतेक कॉलेजांत असतं. सबमिशन संपलं की एकदा तिकडे जाऊन या. धूळ झटकावी लागेल, पण जा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)