पांडुरंगाचे दार उघडणारे सानेगुरुजी

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला. या मंगल प्रसंगी, एका मंदिरासाठी ज्यांनी प्राण पणाला लावले त्या पूज्य सानेगुरुजींचे स्मरण करणे उचित होईल.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घरची स्थिती खालावलेली, पण आईचे संस्कार मोलाचे. गरिबीशी झगडत ते एम.ए. झाले व १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. छात्रालयातील मुलांचे कपडे धुण्यापासून सर्व सेवा ते स्वतः करीत.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू होताच नोकरी सोडून त्यांनी त्यात उडी घेतली. पुढे त्यांना अनेकदा कारावास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर दिलेली प्रवचने गुरुजींनीच लिहून घेतली. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९४२ च्या चळवळीत ते भूमिगत राहून कार्य करीत होते.

स्वराज्य दाराशी आले, पण पंढरीच्या विठुरायाचे दार मात्र सर्वांना खुले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या भाविकांना महाद्वाराबाहेरील चोखोबांच्या समाधीशीच थांबावे लागे. इंग्रजांशी लढताना जो अहिंसेचा मार्ग धरला, तोच गुरुजींनी आता आपल्याच माणसांपुढे ठेवला. लढा परक्यांशी नव्हता, म्हणून तो अधिक कठीण होता. आधी काही महिने महाराष्ट्रभर फिरून त्यांनी गावोगावची मंदिरे व पाणवठे खुले करविले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभिले. कोणाचा द्वेष नाही, कोणावर हात उगारणे नाही. यातना फक्त स्वतःच्या देहाला. अखेर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले व उपोषण सुटले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

गावकरी बंधुभगिनींनो, आपल्या मंदिराच्या वर्गणीत सर्व वाड्यावस्त्यांचा पैसा आहे व बांधकामात सर्वांचा घाम आहे. तेव्हा गाभाऱ्यापाशी, पालखीला खांदा देताना आणि महाप्रसादाच्या पंगतीत कोणालाही मागे थांबावे लागू नये. दगडमातीचा जीर्णोद्धार झाला; मनाचा झाला तरच तो देवाला पावेल.