चोखामेळा

संत चोखामेळा (मृत्यू : इ.स. १३३८, मंगळवेढा) हे वारकरी संप्रदायातील महार जातीचे संतकवी होते. ते संत नामदेवांचे समकालीन असून परंपरा नामदेवांना त्यांचे गुरू मानते. जन्माने वाट्याला आलेले हीनत्व हे पूर्वकर्माचे फळ आहे काय आणि असल्यास विठ्ठलाची कृपा त्यापलीकडे पोहोचते काय, हा त्यांच्या अभंगवाणीतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

जीवन

परंपरेनुसार चोखामेळ्यांचा जन्म बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा येथे झाला. त्यांचे वास्तव्य सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा येथे होते. जातीने नेमून दिलेली गावकामे करून ते निर्वाह करीत आणि पंढरपूरची वारी करीत. अस्पृश्य मानले गेल्यामुळे त्यांना विठ्ठलमंदिरात प्रवेश नव्हता. महाद्वाराबाहेर उभे राहूनच त्यांना दर्शनाची आस धरावी लागे. पत्नी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि तिचे पती बंका हे सर्वजण अभंगरचना करीत. चोखामेळ्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून ठेवले, असे परंपरा सांगते.

आख्यायिका

महिपतींच्या भक्तविजय (इ.स. १७६२) या ग्रंथात चोखामेळ्यांचे चरित्र आले आहे. विठ्ठलाने आपल्या गळ्यातील हार स्वतः चोखामेळ्यांना दिला. मात्र बडव्यांनी त्यांच्यावर मंदिर विटाळल्याचा आळ घेतला, अशी कथा प्रसिद्ध आहे. त्यांना बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली, तेव्हा देवाने बैल रोखून धरले, असेही सांगितले जाते. सोयराबाईंच्या बाळंतपणात विठ्ठल निर्मळेच्या रूपाने धावून आला, ही कथाही परिचित आहे. या कथांत देव भक्ताकडे येतो, मंदिराचे दार मात्र भक्तासाठी उघडत नाही.

कर्म आणि कृपा

चोखामेळ्यांच्या अभंगांत या प्रश्नाला एकच उत्तर नाही. एका अभंगात ते पूर्वजन्मी घडलेल्या कृष्णनिंदेमुळे आपल्याला हा जन्म मिळाल्याचे सांगतात, म्हणजेच कर्मसिद्धान्त स्वीकारतात. इतर अभंगांत मात्र हा जन्म का दिला, असा जाब ते देवालाच विचारतात. विटाळ प्रत्येक देहाच्या उत्पत्तीतच आहे, मग सोवळा कोण, असा त्यांचा आणखी एक युक्तिवाद आहे. सोयराबाईंच्या अभंगांतही तो आढळतो. जन्म माणसाच्या हाती नसला तरी नामस्मरण त्याच्या हाती आहे आणि देव जात न पाहता अंतरीचा भाव पाहतो, हा त्यांच्या भक्तीचा आधार होता. कर्ममेळ्याचा सूर अधिक तीव्र आहे. उच्छिष्टावर जगायला लावून देव कोणती कृपा करतो, अशा आशयाची तक्रार तो थेट विठ्ठलाकडे करतो.

मृत्यू आणि समाधी

मंगळवेढ्यात गावकुसाचे काम सुरू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली अन्य मजुरांसह चोखामेळ्यांचा मृत्यू झाला. हा प्रसंग शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ मधील मानला जातो. ढिगाऱ्यातील ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला, त्या नामदेवांनी चोखामेळ्यांच्या म्हणून ओळखून पंढरपूरला आणल्या, अशी श्रद्धा आहे. महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, त्यांची समाधी आहे. जिवंतपणी ज्या उंबरठ्याबाहेर ते उभे राहिले, तेथेच त्यांना चिरविश्रांती मिळाली.

वारसा

पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले व त्यानंतर ते खुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेला अस्पृश्यतेच्या उगमाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. पुढील काळात दलित चळवळीतील अनेकांना पूर्वकर्माचा स्वीकार करणारे चोखामेळा अपुरे वाटले. वारकरी परंपरेत मात्र त्यांचे अभंग आजही कीर्तन-भजनांत गायले जातात.